दाखवायचं घर

॥ श्री ॥
पारशिवनी
१८ नोव्हेंबर २०२४

चि. पियूष व सौ. पायल यांस,
आईचे दोघांच्याही डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद. वि. वि.

मी सुखरूप पोचली. बसमध्ये खिडकीची जागा भेटली. फोनवर मले आता काही ऐकू येत नाही, अन् मोबाइलवरची अक्षरं मुंगीएवढी, म्हणून आपलं हे लिहिणंच बरं. पत्र चार वेळा वाचता येते, उशीखाली ठेवता येते.

घर डोळ्यांपुढून हटत नाही बाप्पा. भूमिकेले सांगतलं का तुह्या भावाच्या हॉलमधून सैपाकघरात जातपर्यंत माणसाले पुन्हा भूक लागते. माणसं दोन अन् न्हाण्या चार! चौदाव्या मजल्यावरून तो सीताबर्डीचा किल्लाही खेळण्यातल्यावानी दिसे. मी खाली सतरंजी टाकून झोपली म्हणून पायल रागावली. तिले म्हणा, रागावू नोको, त्या गादीत माणूस बुडते. सगळ्या गल्लीले सांगून झालं. शेजारच्या कुसुमताईनं दोनदा ऐकलं, अन् तिसऱ्यांदा सांगाले गेली तं ती दार लावून बसली.

दोन गोष्टी मनात राहिल्या. दारावर हरकरे नावाची पाटी अजून काहून हाय? जुन्या मालकाची हाय, काढाची राहिली, असं तू म्हणे. मग काढ ना गा. अन् त्या बंद खोलीची चावी हरवली तं कुलूपवाला बोलाव. एवढी मोठी खोली वाया जाऊन राहिली. तुह्या बाबाचा फोटो मी एवढा जपून आणला अन् तू कपाटात ठेवला. इथं भिंतीले खिळा ठोकू देत नाहीत म्हणे. आपल्याच भिंतीले?

आता खरी बातमी. मौद्याच्या रुपरावजींकडून भूमिकेसाठी निरोप आला. त्यांचा खेमराज आयटीआयमध्ये शिकवते. तालुक्याच्या आरोग्य शिबिरात दोघांची भेट झाली होती. पोरगी तोंडानं काही बोलत नाही, पण दवाखान्यात ड्युटीवर जाताना आजकाल दोनदा आरसा पाहते. मी रुपरावजींले शब्द देऊन बसली का पाहण्याचा कार्यक्रम माह्या लेकाच्या घरी, रामदासपेठेत होईल. ते म्हणे, मग तं यावंच लागेल. तारीख तू कळव.

पायलले जप. दोघंही मायेत कमी करू नका.
तुही आई,
इंदू

•

रामदासपेठ, नागपूर
२७ नोव्हेंबर २०२४

ती. आईस,
पियूषचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र पायलने मोठ्यानं वाचून दाखवलं आणि कुसुमताईंच्या दाराशी आल्यावर आम्ही दोघंही हसलो. त्यांना थोडी विश्रांती दे.

भूमिकाच्या बातमीनं आनंद झाला. खेमराजबद्दल मी इथे एक-दोघांकडे चौकशी केली, मुलगा सरळ आहे असं कळलं. पण आई, कार्यक्रम पारशिवनीला आपल्या घरीच केला तर? मुलीला तिच्या घरी पाहावं हेच रीतीला धरून आहे. आपलं अंगण आहे, कवडूकाका शेजारी आहेत, त्यांच्याशिवाय बोलणी कोण करणार? तुझ्या हातच्या पाटवडीला तिथल्या चुलीचीच चव येते. इथे सोसायटीचे नियम फार. पाहुण्यांच्या गाड्या आत घेत नाहीत, एक लिफ्ट सारखी बंद असते, आणि जानेवारीत रंगाचं काम निघणार आहे म्हणतात. खिळ्याचंही तसंच आहे, सोसायटीचं काहीतरी आहे.

मी आणि पायल आदल्या दिवशीच येऊ, सगळं सामान घेऊन येऊ. तुला एका कपालाही हात लावू देणार नाही. रुपरावजींना तू तसं कळव. त्यांना वाईट वाटणार नाही.

गुडघ्याला तेल लावतेस ना? पत्राची वाट पाहतो, आशीर्वाद आहेच, तो तसाच राहू दे.
तुझा,
पियूष

•

पारशिवनी
५ डिसेंबर २०२४

चि. पियूष यास,
आशीर्वाद. वि. वि.

तुहं पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं. नियम, गाड्या, लिफ्ट, रंग. एका कार्यक्रमासाठी चार अडचणी म्हणजे पोरा, अडचण पाचवीच हाय. मी शाळा कमी शिकली, पण तुले मी वाढवलं हाय.

मी इथं येऊन आठवून पाह्यलं. लिफ्टमध्ये ती काळ्या चष्म्याची बाई होती तेव्हा मी तिले मोठ्यानं विचारलं होतं का तुमच्याकडे किती माणसं राहतात. तू जमिनीकडे पाहून राहिला होता. खाली बागेत मी वाकून कढीपत्ता तोडला तेव्हाही तू इकडेतिकडे पाह्यलं. तेव्हा मले काही वाटलं नाही. आता वाटते.

मले आपला आवाज ऐकू येत नाही, म्हणून मी जोरात बोलते. लुगडं जुन्या वळणाचं. रुपरावजीही खेड्यातलेच. एवढी सारी खेड्यातली माणसं तुह्या त्या चमकत्या फरशीवरून चालतील हे तुले नोको असंल. सरळ विचारते, तुले आमची लाज वाटते काय?

वाटत असंल तं त्यात तुहा दोष नाही. मोठ्या जागी राहिलं का माणसाले तसं होतच असंल. पण भूमिकेचं नोको बिघडवू. मी शब्द देऊन बसली. तू म्हणशील तं मी येत नाही. पायल अन् भूमिका सगळं करतील. अन् यावंच लागलं तं सैपाकघरामागच्या त्या लहान खोलीत बसून राहीन, चहा लागला तं सांगा. कोणाले समजणार नाही का माय आली होती.

राग नाही. माया होती तेवढीच हाय.
आई

•

नागपूर
१२ डिसेंबर २०२४

ती. कवडूकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

काका, हे पत्र पाहून तुम्ही चकित व्हाल. फोन केला असता, पण तुम्ही फोन घेतला की अंगणात येऊन बोलता आणि अर्ध्या पारशिवनीला ऐकू जातं. हे कोणाला ऐकू जाऊ नये असं आहे. एकट्यानं वाचा.

रामदासपेठेतलं घर माझं नाही.

ते आमच्या कंपनीतल्या ऋषी हरकरेसाहेबांचं आहे. ते तीन वर्षांसाठी सिंगापूरला गेले. बंद घराला वाळवी लागते, म्हणून आम्हाला म्हणाले की मनीषनगरच्या दोन खोल्यांत कशाला राहता, इथे राहा आणि घर जपा. भाडं नाही. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, कार्यक्रम करायचे नाहीत, आणि एक खोली बंदच ठेवायची. तिच्यात त्यांच्या आईचं, यमुताईंचं, सामान आहे. यमुताई बजाजनगरात लेकीकडे राहतात, त्यांच्याकडे घराचीही किल्ली असते. माणूस फार चांगला, म्हणून तर विश्वासानं दिलं.

आई पहिल्यांदा आली तेव्हा दाराच्या आत पाऊल टाकून थबकली. मग माझ्या तोंडाकडे पाहून तिनं विचारलं, हे आपलं हाय? काका, तिला ऐकू येत नाही, म्हणून माणसाच्या तोंडाकडे पाहते. मला फक्त मान हलवायची होती. आडवी हलवली असती तर तिथेच संपलं असतं. मी उभी हलवली. बाबा गेल्यापासून तिच्या चेहऱ्यावर असं काही मी पाहिलं नव्हतं. दोन दिवसांनी सांगू, असं पायलला म्हणालो. दोन दिवसांत ती गावी परतली आणि गावभर सांगून मोकळी झाली. पायल तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाही. रोज एकदा तेवढंच विचारते की सांगितलं का.

आणि आता आई मला विचारते आहे की तुला आमची लाज वाटते का. सैपाकघरामागच्या खोलीत बसेन म्हणते. लिफ्टमध्ये मी खाली पाहत होतो, ते खरं आहे. ती काळ्या चष्म्याची बाई हरकरेसाहेबांना ओळखते. आईनं हे आमचंच म्हणून सांगितलं तर, या भीतीनं मी पाहत होतो. आईला वाटलं, तिच्यामुळे.

ते पत्र वाचून मी काय केलं असेल? खरं लिहायला बसलो आणि लिहिलं की सगळे या, रविवारी पाच जानेवारीला या, तूही ये, तुझ्याशिवाय कार्यक्रम नाही. एक खोटं झाकायला दुसरं. काका, तुम्ही आईला समजावाल का? तुमचं ती ऐकते.

लहान होतो तेव्हा तुम्ही मारलं नाहीत. आता मारलंत तरी चालेल. पण तोडू नका.
तुमचा,
पियूष

•

पारशिवनी
१९ डिसेंबर २०२४

चि. पियूषले कवडूचा आशीर्वाद. वि. वि.

पत्र गोठ्यात बसून वाचलं. म्हशीनं ऐकलं असंल तं माहीत नाही.

तू एवढा शिकला, विमानं दुरुस्त करून राहिला, अन् मान कोणत्या बाजूनं हलवावं ते तुले समजत नाही काय गा? बह्याड कुठला. दुसऱ्याचं घर जपणं यात लाजाचं काय होतं? हरकरेसाहेबानं कुत्र्यावर नाही, तुह्यावर घर टाकलं. हे तं मिरवाची गोष्ट होती! तू ते लपवलं अन् जे नव्हतं ते मिरवू देलं.

वहिनीले, तुह्या मायले, मी सांगणार नाही. मी सांगतलं तं ती म्हणेल का तुमच्या पोटात दुखून राहिलं. खोटं तुह्या मानेनं झालं, खरं तुह्याच तोंडानं होईल. पाहुण्यांच्या आधी सांग. नाहीच जमलं तं पोहे देताना सांग. पोहे खाऊन झाल्यावर सांगशील तं ते फसवणं होईल, हे ध्यानात ठेव.

मी येत नाही. डॉक्टरनं गुडघ्याचं ऑपरेशन केलं, अजून काठीनं अंगणातच फिरून राहिलो. एका परीनं बरंच हाय. मी तिथं असतो तं तुह्याआधी मीच बोललो असतो.

तोडत नाही. पण सांगून झालं का कळव, तोपर्यंत माया अर्धी समज.
कवडू

•

नागपूर
७ जानेवारी २०२५

ती. कवडूकाकांस,
सा. न. वि. वि.

पोहे देताना सांगितलं नाही. नंतरही नाही. आधी हे लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला आशा राहणार नाही.

आई आणि भूमिका सकाळच्या बसनं आल्या. आईनं कोथिंबीर भरलेल्या सांबारवड्यांचा डबा आणला होता. आल्याबरोबर ती खरंच सैपाकघरामागच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसली. पायलनं हाताला धरलं तरी उठेना. नंतर येते म्हणे, पोराले मोकळं वाटू दे. काका, खरं सांगू? मी तिला उठवायला गेलो नाही. पाहुणे आले, रुपरावजी, त्यांच्या पत्नी जयवंताबाई, रुपरावजींचे म्हातारे वडील देवाजी आणि खेमराज. तरीही गेलो नाही. आई आत होती तोवर हॉलमध्ये घराचा विषय निघणार नव्हता, आणि मला तेवढं सुटल्यासारखं वाटत होतं. तिला वाटत होतं मी तिला लाजतो, आणि मी तिला तसंच वाटू दिलं.

जयवंताबाईंनी विचारलं, विहीणबाई कुठे आहेत. मी काही बोलायच्या आत त्या उठून आत गेल्या आणि आईला हाताला धरून घेऊन आल्या. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. तेवढ्या हसण्यानं ती अशी खुलली की मग तिला कोण थांबवणार. देवाजींना गॅलरीतून किल्ला दाखवला, नळ सोडून दाखवला. खेमराज आणि भूमिका एका टोकाला बसून शिबिराच्या गोष्टी बोलत होते. चांगलं चाललं होतं. मी पोह्यांच्या बश्या फिरवत होतो. तुमचं पत्र खिशात होतं.

तेव्हा दार उघडलं. बेल वाजली नाही, किल्लीनं उघडलं. यमुताई. दुसऱ्या दिवशी त्यांच्या यजमानांची, हरकरेकाकांची, श्राद्धतिथी होती, त्यांचा फोटो बंद खोलीत राहिला होता तो न्यायला आल्या होत्या. पायलला त्यांनी फोन केला होता, पण तिचा फोन आत कुठेतरी पडला होता.

आईला वाटलं शेजारीण आली. हात धरून आत घेतलं, या या म्हणाली, माह्या लेकाचं घर पाहून घ्या, आज आमच्याकडे शुभकार्य हाय. यमुताईंनी एकदा हॉलभर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी बशीकडे पाहिलं. त्यांनी चपला काढल्या आणि आईला विचारलं, कुठे ठेवू?

मग आईनं त्यांना त्यांचं घर दाखवलं. मी दारात उभा राहून सगळं पाहिलं. हे कपाट उघडलं का आत दिवा लागते. ही खिडकी पूर्वेची, सकाळी ऊन ओट्यापर्यंत येते. हा ओट्याचा दगड लेकानं कुठूनतरी लांबून आणला असंल, विचारलं नाही मी. यमुताई प्रत्येक ठिकाणी थांबत होत्या, हो म्हणत होत्या, छान आहे म्हणत होत्या. बंद खोलीशी आल्यावर आई म्हणाली, हिची चावी हरवली, पण सापडली का इथं मी देवघर करणार हाय. यमुताईंच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. त्यांनी तो मुठीत दाबला आणि मूठ शालीखाली घेतली. भूमिकानं ते पाहिलं. मग भूमिकानं माझ्याकडे पाहिलं, आणि तिला समजलं. माझी धाकटी बहीण आहे, काका. तिची ती नजर मी आयुष्यभर विसरणार नाही.

यमुताई बसल्या, एक सांबारवडी खाल्ली, भूमिकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेल्या. फोटो न घेता गेल्या. रुपरावजी निघताना म्हणाले, आमच्याकडून होकार समजा, घर पाहून माणसं समजली.

काल बजाजनगरला गेलो. त्यांची लेक वेदिकाताई दारातच थंडपणे म्हणाल्या की आई पूजा करते आहे, बसा. पूजेत हरकरेकाकांचा पासपोर्टवरचा बारका फोटो होता. मी यमुताईंच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. फक्त विचारलं, तुझ्या आईला सांगितलंस? नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, तिला कमी ऐकू येतं ना. मग तुला मोठ्यानं सांगावं लागेल.

संक्रांतीला येतो. या वेळी सांगतो. अर्धी राहिलेली माया तोवर सांभाळा.
पियूष

•

पारशिवनी
२६ जानेवारी २०२५

प्रिय दादा,
नमस्कार. वि. वि.

तुझे फोन मी उचलत नाही. उचलला तर तोंडातून काहीतरी जाईल आणि मग ते परत घेता येणार नाही. म्हणून आईसारखं लिहूनच कळवते.

संक्रांतीला तू सांगून गेलास, त्यानंतरचं तुला माहीत नाही. तू अंगणात उभा राहून ओरडून सांगत होतास, घर माझं नाही, आई, घर माझं नाही, ते त्या दिवशी आलेल्या यमुताईंच्या मुलाचं आहे. कुसुमताई भिंतीवरून पाहत होत्या, समोरच्यांनी टीव्ही बंद केला. आई दर वेळी, काय म्हणतो गा, असं विचारत होती. तू तिसऱ्यांदा सांगितलंस तेव्हा मला कळलं की तिला पहिल्या वेळीच ऐकू गेलं होतं. कवडूकाका काठी टेकत आले आणि तुझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. तू गेल्यावर आईनं तिळगुळाचं ताट झाकून ठेवलं. कोणाकडे गेली नाही, कोणाला दिला नाही.

चार दिवसांनी सकाळीच तिनं इस्त्रीचं लुगडं नेसलं आणि मला म्हणाली, चल, मौद्याले जाऊ. मी म्हटलं, काकांना घेऊन जाऊ, फोन करू. ती म्हणाली, मी मोठेपणा सांगाले कोणाले संगं नेलं नव्हतं.

रुपरावजींकडे जयवंताबाईंनी चटई टाकली, पाणी आणलं. आई बसली नाही, पाणीही घेतलं नाही. उभ्यानं सांगितलं की घर आमचं नाही, पोरानं मले फसवलं अन् मी तुम्हाले, आता तुमचं तुम्ही पाहा. रुपरावजींनी सगळं ऐकून घेतलं. मग ते जे बोलले ते मी तुला जसंच्या तसं सांगते, कारण ते तूही ऐकायला हवंस. ते म्हणाले, किरायाच्या खोलीतला भाऊ आम्हाले चालला असता. पण आता तुमची कोणती गोष्ट खरी मानावं? पोरीच्या शिक्षणाची मानावं का, तब्येतीची मानावं का? जयवंताबाईंनी तरी चहा पाजलाच, आणि आईच्या हातात कप देताना त्यांचे डोळे भरले.

खेमराज बसस्टँडपर्यंत आला. बाबांशी बोलून पाहतो म्हणाला. परवा त्याचा फोन आला. बाबांच्या मनाविरुद्ध जाणं त्याला जमणार नाही. मी ठीक आहे म्हटलं. दादा, तो मला आवडला होता. हे मी आईला सांगितलं नाही, तुला सांगते आहे. तुला त्रास व्हावा म्हणूनच सांगते आहे, हे लपवत नाही.

येताना बसमध्ये आई एकदाच बोलली. रुपरावजीचं काही वाटत नाही म्हणाली, त्यांनी बोलून मोकळं केलं. पण त्या बाईले मी तिचंच घर दाखवलं वं, अन् ती छान हाय म्हणे. मग खिडकीकडे तोंड करून बसली.

वहिनीला माझा नमस्कार सांग. तिच्यावर राग नाही. तुझ्यावर आहे, पण तोही फार दिवस टिकणारा नाही, असं वाटतं. तोवर थोडी वाट पाहा.
भूमिका

•

पारशिवनी
९ मार्च २०२५

चि. पियूष व सौ. पायल यांस,
आईचा आशीर्वाद. वि. वि.

खूप दिवसांनी लिहून राहिली. हाताले सवय राहिली नाही का मनाले, माहीत नाही.

तुहं पत्र भेटलं. ऋषीसाहेबाले तूच होऊन सगळं सांगतलं, हे बरं केलं. त्यानं घर सोडा म्हटलं, तेही बराबर केलं. त्याच्या जागी मी असती तं तेच म्हटलं असतं. मनीषनगरात पुन्हा दोन खोल्या भेटल्या, नळाले एकच टाईम पाणी येते, अन् पायल आता बोलते, असं लिहिलं. बोलते ना? मग पाण्याचं काही नाही.

तुले न विचारता मी एक काम केलं. भूमिकेले घेऊन बजाजनगरले जाऊन आली, यमुताईंकडे. जाताना वाटे, बस बंद पडावं. दारात गेली अन् मले बोलताच येईना. मी, जिच्या आवाजानं गल्ली उठते! हात जोडले अन् उभी राहिली. त्यांनी आत घेतलं, आपल्या बाजूले बसवलं. मग माह्या कानाशी वाकून, हळूच नाही, चांगलं ऐकू येईल असं बोलल्या. त्या म्हणे, त्या घरात मी दोन वर्षं राहिली. लेकानं चावी देली, नळ कसे चालतात ते लिहून देलं अन् गेला. हात धरून, खोली खोली फिरवून ते घर मले कोणी दाखवलंच नव्हतं. पूर्वेच्या खिडकीतून ऊन ओट्यावर येते हे मले तुम्ही सांगतलं तेव्हा समजलं.

हे ऐकून माहं ओझं उतराले पाह्यजे होतं. उतरलं नाही. त्या एवढ्या चांगल्या निघाल्या म्हणून जास्तच मेल्यावानी झालं. लाज अशी धुतल्यानं जात नाही पोरा, वापरून वापरून विरते, एवढंच.

मी तुले लिहिलं होतं का तुले आमची लाज वाटते काय. ते पत्र फाडून टाक. मले मनीषनगरच्या खोल्या आवडल्या नव्हत्या. तिथं मी येत नव्हती, कामाचं निमित्त करे. लेक मोठ्या कंपनीत अन् दोन खोल्यांत राहते, हे मले सांगवत नव्हतं. मग तुहं मोठं घर पाह्यलं अन् मी विचारलं, हे आपलं हाय? ते असं विचारलं का तुले नाही म्हणताच येऊ नये. मान तू हलवली, पण हलवाले मी लावली. आता ती लाज दोघंही अर्धी अर्धी वाटून घेऊ.

आता इकडची बातमी. आज उमरेडकडून पाहुणे आले होते, भूमिकेले पाहाले. कवडूभाऊजी काठी सोडून खुर्चीवर बसले होते, मोठ्या रुबाबात. मी अजून चहा टाकला नव्हता तं पोट्टी बाहेर आली, त्यांच्यासमोर बसली अन् म्हणाली का माह्या भावाची दोन खोल्यांची किरायाची जागा हाय, अन् मौद्याचं जुळलेलं काहून मोडलं ते तुम्ही दुसऱ्याकडून ऐकण्यापेक्षा माह्याकडून ऐका. सगळं सांगतलं. तुहं सांगतलं, माहंही सांगतलं, यमुताईंचंही. काही झाकलं नाही, काही वाढवलं नाही. भाऊजी दाढी खाजवत वर पाहून राहिले होते. मी आत स्टोव्हपाशी, पण तिनं मलेही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगतलं. मले वाटलं धरणीनं पोटात घ्यावं. लाज वाटली, पण तोंड लपवावंसं नाही वाटलं. मी चहा घेऊन बाहेर आली, अन् त्यांच्या समोर बसली.

पाहुण्यांनी चहा पूर्ण घेतला. त्यातल्या म्हाताऱ्या बाईनं भूमिकेले विचारलं, दवाखान्यात रातपाळी असते काय. असते, ती म्हणे. बस, एवढंच. उठले, नमस्कार केला, गेले. हो म्हटलं नाही अन् नाही म्हटलं नाही.

निरोप येईल का नाही, देवाले माहीत. भूमिकेनं कप विसळून पालथे घातले अन् सायकल काढून ड्युटीवर गेली. मी अंगणात बसून हे लिहून राहिली. पुढच्या आठवड्यात तुह्याकडे येते. या वेळी राहाले येते, पाहाले नाही.

पायलले सांग, माह्यासाठी वेगळं काही करू नोको. माया होती तेवढी आता पुरी समज.
तुही आई,
इंदू